चालीच्या घोड्यांची सुटका, शुश्रूषा आणि पुनर्वसन : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ज्या घोड्याचे मोल त्याच्या विशिष्ट चालीवर ठरते त्यास व्यवहारात 'चालीचा घोडा' म्हणतात. अशा घोड्याची चाल बिघडली की त्याची किंमत एकदम उतरते आणि तो उपेक्षेच्या वाटेला लागतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षेची कारणे, सुटकेची कायदेशीर चौकट, उपासमार झालेल्या घोड्याच्या शुश्रूषेची शास्त्रीय पद्धत आणि नव्या घराच्या निवडीचे निकष यांचे विवेचन केले आहे. घोड्यास कामातून वा मालकाकडून सोडविणे हा या कार्याचा सर्वांत सोपा टप्पा असून, त्यापुढील अनेक वर्षांची जबाबदारी आधी ठरविल्याशिवाय केलेली सुटका अपुरी राहते, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : चालीचा घोडा, रवाल चाल, उपेक्षा, शुश्रूषा, पुनर्वसन, प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम १९६०.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासात घोड्याचे स्थान मोठे आहे. भीमा नदीच्या खोऱ्यातील काटक तट्टांनी मराठ्यांच्या फौजांना वेग दिला. राज्यगीतातही या तट्टांचा गौरवाने उल्लेख आहे. तरीही भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद होण्यास २०२३–२४ हे वर्ष उजाडावे लागले. मधल्या काळात या जातीचे जतन केले ते मुख्यतः मेंढपाळ धनगरांनी. त्यांच्या भटकंतीत संसाराचे ओझे हीच तट्टे वाहतात. गौरव आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या एका उदाहरणावरून लक्षात येते.

देशातील घोड्यांची एकूण संख्याही झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे ६.२५ लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३.४ लाखांवर आली, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ ४५ टक्के घट झाली. या घटीमागे यांत्रिक वाहनांचा प्रसार हे उघड कारण आहे. टांगा गेला आणि त्याची जागा ऑटोरिक्षाने घेतली. परंतु काम संपले म्हणून घोड्याचे आयुष्य संपत नाही. नीट निगा राखलेला घोडा पंचवीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. कष्टाच्या कामातून तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाद झाला तर पुढील दहा वर्षे त्याने कोठे आणि कोणाच्या आधारावर काढावीत, हा प्रश्न उरतो. तोच या लेखाचा विषय आहे.

२. चालीचा घोडा : संकल्पना

घोड्याच्या सर्वसामान्य चाली चार आहेत : संथ चाल, दुडकी, मध्यम दौड आणि भरधाव. दुडकीत समोरचा एक पाय व विरुद्ध बाजूचा मागचा पाय एकाच वेळी पडतात. त्यामुळे स्वारास हिसके बसतात. काही घोडे मात्र दुडकीऐवजी एका बाजूचे मागचे व पुढचे पाऊल लागोपाठ टाकीत वेगाने पण सपाट चालतात. स्वाराचे अंग हलत नाही आणि लांबचा प्रवास सुखाचा होतो. राजस्थानच्या मारवाडी आणि सौराष्ट्राच्या काठेवाडी घोड्यांत ही चाल विशेष आढळते. तिला रेवाल, रहवाल किंवा रवाल अशी नावे आहेत.

ही चाल कितपत जन्मजात आणि कितपत शिकविलेली, यावर जाणकारांत जुना वाद आहे. स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीएमआरटी-३ या जनुकातील एका बदलाचा घोड्याच्या चालीशी संबंध असल्याचे दाखविण्यात आले. आइसलँडच्या घोड्यांच्या अभ्यासातून हा शोध पुढे आला. त्यामुळे चालीचा पाया अंशतः आनुवंशिक असतो, हे स्पष्ट झाले. मात्र त्या पायावर उभी राहणारी डौलदार चाल शिकवणुकीने घडते आणि शिकविणारा निर्दय असला तर उपेक्षेची सुरुवात तेथेच होते.

अमेरिकेतील टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पुढचे पाय उंच उचलावेत म्हणून त्यांच्या घोट्याखालील कातडीस दाहक द्रव्ये लावणे व त्यावर साखळ्या बांधणे, असे प्रकार प्रदर्शनांसाठी होऊ लागले. ते रोखण्यासाठी १९७० साली तेथे स्वतंत्र अश्वसंरक्षण कायदा करावा लागला. चालीला बाजारात मोल आले की चालीसाठी घोड्याला इजा करण्याचा मोहही येतो, हा त्यातील बोध आहे.

३. महाराष्ट्रातील बाजार आणि उपेक्षेची कारणे

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिच्यासोबत भरणारा घोडेबाजार देशभर ख्यात आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथून घोडे तेथे येतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतही घोड्यांची खरेदी-विक्री होते. अशा बाजारांत दात पाहून वय, अंग पाहून जात आणि रपेट घेऊन चाल पारखली जाते. रंग, पायांवरील पांढरे पट्टे आणि अंगावरील केसांचे भोवरे यांनाही मोल असते. 'पंचकल्याणी' घोड्यास मागणी, तर अशुभ मानलेल्या भोवऱ्याच्या घोड्यास नकार, ही रीत अद्याप आहे. केसांच्या वळणाचा घोड्याच्या आरोग्याशी वा स्वभावाशी मालक समजतात तसा कोणताही संबंध नाही. तथापि त्या वळणामुळे एखादे निरोगी शिंगरू हातोहात फिरत राहते.

उपेक्षेची कारणे केवळ क्रौर्यात शोधणे योग्य होणार नाही. बहुतेक उपेक्षा आर्थिक असते. सुमारे ३५० किलो वजनाच्या घोड्यास रोज सहा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. वर्षाचा हिशेब बावीस क्विंटलांच्या घरात जातो. चंदी म्हणजे धान्याचा खुराक, नालबंदी आणि औषधोपचार हा खर्च वेगळा. आज चालीच्या व नाचकामाच्या घोड्यांना मुख्य काम मिळते ते वरातीत. परंतु आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त नसतात. म्हणजे सलग चार महिने मिळकत थांबते आणि घोड्याचे पोट मात्र चालू राहते. मालक गरीब असेल तर प्रथम चंदी बंद होते, मग चाऱ्याची प्रत उतरते आणि नालबंदाची फेरी पुढे ढकलली जाते. नंतर हंगाम येताच त्याच दुर्बल घोड्यावर मखमली झूल चढवून त्यास वाजंत्र्यांच्या गलबल्यात उभे केले जाते. झुलीखालील बरगड्या कोणास दिसत नाहीत.

नाचकामाची शिकवण हे दुसरे कारण. घोडा दोन खांबांमध्ये आवळून बांधणे, काटेरी लगाम वापरणे, ताशाच्या ठेक्यावर पाय उचलेपर्यंत त्यास मारणे हे प्रकार सर्वत्र नसले तरी अपरिचित नाहीत. त्यातून जबड्यास जखमा होतात, सांधे सुजतात आणि जिच्यासाठी हा खटाटोप केला ती चालच अखेरीस मोडते.

तिसरे कारण सर्वांत मूलभूत आहे. चालीच्या घोड्याचे सारे मोल एका गुणात साठविलेले असते. बैल म्हातारा झाला तरी शेतकऱ्याच्या घरात त्याला काहीएक जागा असते. विदर्भात पोळ्याच्या दिवशी त्याचा मान राखला जातो. घोडा मात्र शेतीच्या संसारात क्वचितच मिसळलेला असतो. चाल मोडली की त्याचे मोल संपते, आणि मोल संपले की दाणावैरणही आटते.

४. मुंबईच्या व्हिक्टोरिया : एक धडा

घोड्यांच्या सुटकेचा महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग मुंबईचा आहे. तेथील व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे चालीचे नव्हते, गाडी ओढणारे होते. तथापि सुटकेनंतर काय, हा प्रश्न दोहोंच्या बाबतीत सारखाच असल्याने हा अनुभव येथे विचारात घेणे उपयुक्त ठरते.

प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या एका न्यासाने २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तबेल्यांची अवस्था, डांबरी रस्त्यावर झिजणारे खूर आणि वाहतुकीच्या गर्दीत होणारी दमछाक हे मुद्दे त्यात होते. ८ जून २०१५ रोजी न्यायालयाने केवळ मौजेच्या फेरीसाठी घोडागाड्या चालविणे बेकायदेशीर ठरविले आणि त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. गाडीचालक व मालक यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यासही शासनास सांगितले. पुढे २०२१ साली जुन्या व्हिक्टोरियाच्या धाटणीच्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईच्या रस्त्यावर आल्या.

या घटनाक्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाडीला पर्याय सापडला आणि चालकाच्या उपजीविकेवर चर्चा झाली. घोड्याचा प्रश्न मात्र स्वरूपतः निराळा होता. त्याला पर्यायी व्यवसाय देता येत नाही. त्याला जागा, चारा, सोबत आणि वैद्य हवा असतो व तोही मरेपर्यंत. ज्या घोड्याचे पुढचे घर ठरलेले नसते तो एका कामातून सुटून दुसऱ्या, कदाचित अधिक हलाखीच्या कामात जाण्याचा धोका असतो. शहरातून तालुक्याच्या बाजारात आणि तेथून खेड्यात अशी त्याची घसरण होत राहते. बंदीने उपेक्षा नेहमीच संपत नाही. काही वेळा ती केवळ नजरेआड होते.

कैरोचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने विकून टाकलेले हजारो घोडे तेथे हालअपेष्टांत राबत होते. डोरोथी ब्रुक या महिलेने १९३१ साली वृत्तपत्रातून आवाहन करून निधी उभारला आणि सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतील बहुसंख्य इतके जर्जर झालेले होते की त्यांना वेदनारहित मरण देणे एवढेच करणे शक्य होते. तथापि १९३४ साली त्यांनी घोड्यांचे जे रुग्णालय स्थापिले, त्याचे काम पुढे मालकाच्या हातातील घोड्याची स्थिती सुधारण्याकडे वळले. घोडा विकत घेतल्यास मालक त्याच पैशातून दुसरा घोडा आणतो आणि कथा पुन्हा सुरू होते, ही अडचण आजही तितकीच खरी आहे.

५. सुटकेची कायदेशीर चौकट

प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० याच्या कलम ३ अन्वये प्राण्याच्या कल्याणाची काळजी घेणे हे त्यास सांभाळणाऱ्याचे कर्तव्य आहे. कलम ११ अन्वये पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, कामास अयोग्य प्राण्यास कामाला लावणे आणि त्यास सोडून देणे हे अपराध आहेत. मात्र पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड आहे. १९६० साली ठरलेली ही रक्कम आज हास्यास्पद ठरते. घोड्यास जीवे मारणे वा जायबंदी करणे यासाठी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

दंडापेक्षा महत्त्वाच्या तरतुदी अन्यत्र आहेत. कलम २९ अन्वये दोषी ठरलेल्या मालकाकडून प्राण्याची मालकी काढून घेण्याचा अधिकार न्यायालयास आहे. कलम ३५ अन्वये प्राण्यास उपचारासाठी शुश्रूषालयात पाठविता येते. खटला चालू असताना प्राण्याच्या सांभाळाचा खर्च कोणी सोसावा, याची व्यवस्था २०१७ च्या नियमांत केली आहे. जुंपणीच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे १९६५ चे नियम तर थेट उपयोगाचे आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा अधिक ओझे असू नये, दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा व सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, तापमान ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर राबवू नये आणि काटेरी लगाम वापरू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराज प्रकरणातील निकालात भूक-तहान, भय, वेदना इत्यादींपासून प्राण्याच्या मुक्ततेची पाच तत्त्वे या कायद्याशी जोडून वाचली आहेत.

यावरून असे दिसते की सुटका ही मालकाच्या दारातून घोडा ओढून आणण्याची कृती नव्हे. पशुवैद्यकाचा लेखी अहवाल, छायाचित्रे, पंचनामा आणि ताब्याचा न्यायालयीन आदेश ही कागदपत्रे नसतील तर सहा महिने पोसून उभा केलेला घोडा मूळ मालकास परत करण्याची वेळ येऊ शकते.

सुटकेच्या वेळी रोगाचाही विचार करावा लागतो. ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसास होऊ शकणारा प्राणघातक रोग आहे. २००६ साली भारतात त्याचा पुन्हा उद्रेक झाला तो महाराष्ट्रातच, पुणे व पाचगणी येथे. त्यावर लस नाही. म्हणून नव्याने आणलेला घोडा रक्ततपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत इतर घोड्यांपासून वेगळा ठेवणे, त्याची भांडी व खरारा स्वतंत्र राखणे आवश्यक आहे. माश्यांद्वारे पसरणाऱ्या सर्रा रोगाची तपासणी आणि धनुर्वाताची लस हीदेखील पहिल्या आठवड्यातील कामे होत.

६. शुश्रूषा : आहार, खूर आणि विश्वास

घोड्याची कृशता मोजण्यासाठी १९८३ साली डॉन हेन्नेके यांनी मांडलेली एक ते नऊ अंकांची श्रेणी जगभर वापरली जाते. मान, खांदा, बरगड्या, पाठीचा कणा व शेपटीचे मूळ येथील चरबी हाताने चाचपून अंक दिला जातो. एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे योग्य बांधा व नऊ म्हणजे अतिस्थूल. पहिल्या दिवशी दिलेला अंक व काढलेले छायाचित्र पुढे न्यायालयात पुरावा ठरतो आणि शुश्रूषेत मार्गदर्शकही.

उपाशी घोडा दिसला की त्याच्यापुढे चंदीचा तोबरा बांधावा, ही माणसाची स्वाभाविक ऊर्मी असते. नेमकी तीच घातक ठरते. दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळून जगत असते. अशा वेळी अचानक पिष्टमय धान्य मिळाले की रक्तात इन्सुलिन वाढते व फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये रक्तातून पेशींत खेचली जातात. त्यांची रक्तातील पातळी कोसळून हृदय व श्वसन बंद पडू शकते. असा मृत्यू बहुधा खायला मिळू लागल्यानंतर तीन ते दहा दिवसांत येतो. वरवर सुधारत असलेला घोडा एकाएकी कोसळतो आणि सोडविणाऱ्यास त्याचे कारण कळत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधनातून यावर एक सोपी पद्धत निघाली. पहिले तीन दिवस सुमारे अर्धा किलो वाळलेला लसूणघास दर चार तासांनी द्यावा. लसूणघासात पिष्ट कमी असून फॉस्फरस व मॅग्नेशियम पुरेसे असते. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवीत व वेळा कमी करीत दहाव्या दिवसापर्यंत घोडा खाईल तितका चारा द्यावा. धान्य त्यानंतरही बराच काळ टाळावे. शुद्ध पाणी सतत समोर असावे. कोरडा, जाड चारा पाण्यावाचून खाल्ला तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठतो. घोड्यास उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचे खाल्लेले बाहेर पडण्याचा मार्गच नसतो. वजन पूर्ववत होण्यास तीन ते पाच महिने, कधी अधिकही लागतात. हे सारे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

चालीच्या घोड्याच्या बाबतीत खुरांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. खुराची भिंत महिन्यास साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढते. म्हणजे फाटलेला वा वाकडा झालेला खूर संपूर्ण नव्याने येण्यास नऊ ते बारा महिने लागतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून तो छाटून घ्यावा लागतो. या काळात स्वारी पूर्णतः वर्ज्य. घोडा लवकर चालीवर यावा म्हणून केलेली घाई सांध्यांचे कायमचे नुकसान करते.

शरीरापेक्षा मन सावरण्यास अधिक वेळ लागतो. काटेरी लगामाने दुखावलेला घोडा तोंडाजवळ हात आला की मान झटकतो. मागील पाय बांधून ठेवलेला घोडा दोरी दिसताच बिथरतो. मराठीतील 'पायबंद घालणे' हा वाक्प्रचार याच दोरीवरून आला. अशा घोड्याशी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने संथपणे वागणे, खरारा करणे आणि दुसऱ्या शांत घोड्याची सोबत देणे हाच उपाय आहे. घोडा कळपाचा प्राणी असून एकटेपणा ही त्याच्यासाठी शिक्षाच होय.

येथे एक तत्त्व स्पष्ट करणे आवश्यक आहे. शुश्रूषेचे उद्दिष्ट मोडलेली चाल परत मिळविणे हे नाही. घोड्याने वेदनेवाचून उभे राहावे, चरावे, लोळावे व इतर घोड्यांसवे फिरावे, एवढे साधले तर शुश्रूषा सफल झाली. ज्याला हेही शक्य नाही, ज्याची वेदना औषधाने शमत नाही, त्यास वेदनारहित मरण देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि तो निर्णय टाळणे ही दया नव्हे.

७. नव्या घराचे निकष

गुण परत आला की त्यातून नवा धोका निर्माण होतो. पाच महिन्यांत घोडा भरला, अंगावर तुकतुकी आली, रवाल चाल पुन्हा दिसू लागली की तो पुन्हा विक्रीयोग्य ठरतो. दत्तक घेण्यास उत्सुक असणाऱ्यांत वरातीच्या धंद्याचे लोकही असू शकतात. म्हणून नवे घर निवडताना पुढील बाबी लेखी करारात असणे इष्ट आहे :

(अ) घोडा विकता, भाड्याने देता वा प्रजननासाठी वापरता येणार नाही.
(आ) नाचकाम व काटेरी लगाम पूर्णतः निषिद्ध.
(इ) घेणाऱ्याकडे मोकळी जागा, बाराही महिन्यांचा चारा आणि किमान एका जनावराची सोबत असावी.
(ई) परिस्थिती बदलल्यास घोडा मूळ संस्थेस परत करावा. संस्थेने तो कोणताही दोष न देता स्वीकारावा.
(उ) पहिल्या वर्षी नियमित व नंतर अधूनमधून भेट देऊन तपासणी व्हावी.

शेवटच्या दोन अटी परस्परांना पूरक आहेत. परत करण्याचा मार्ग खुला नसेल तर अडचणीत आलेला दत्तकमालक घोडा लपवितो किंवा गुपचूप विकतो. घोडा आणि घर यांचा मेळ घालणेही महत्त्वाचे. सुदृढ झालेला शांत घोडा नवशिक्यांच्या रपेटीसाठी हलक्या प्रमाणात उपयोगी पडतो. कायमचा लंगडा घोडा स्वारीस निरुपयोगी असला तरी दुसऱ्या एकट्या घोड्यास उत्तम सोबती ठरतो.

स्वारीविना घोड्याचे मोल मानण्याची दृष्टी मराठी समाजास परकी नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा अश्व असतो. त्यावर कोणी बसत नाही. रिंगणात तो धावून गेल्यावर वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. उपयोगावाचून आदर ही भावना तेथे आहेच. ती सोहळ्याबाहेरच्या घोड्यापर्यंत पोहोचविणे बाकी आहे.

८. बाभुळगाव व विदर्भातील परिस्थितीचा विचार

यवतमाळ–धामणगाव मार्गावरील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी एखादा उपेक्षित घोडा आढळला तर काय करता येईल, असा प्रश्न व्यवहारात महत्त्वाचा आहे. विदर्भात गुरांसाठी गोरक्षण संस्था व पांजरपोळ ही परंपरा आहे. घोड्यास तेथेच ठेवावे, असे सहज सुचते. निवाऱ्यापुरता तो पर्याय ठीक असला तरी आहाराच्या बाबतीत सावध राहावे लागते. घोडा रवंथ करीत नाही. त्याची पचनसंस्था गाईबैलांहून वेगळी आहे. गुरांच्या व कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मिसळले जाणारे मोनेन्सिन हे द्रव्य घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना अल्प प्रमाणातही घातक असते. कोवळ्या हिरव्या ज्वारीत विषारी आम्ल असते. ज्वारीवर दीर्घकाळ चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह व मागच्या पायांचा लुळेपणा आढळतो. बुरशी आलेले सोयाबीनचे वा तुरीचे कुटार गाय कदाचित पचवील, घोडा नाही. स्वच्छ, वाळलेले गवत, थोडा लसूणघास, मिठाचा खडा आणि भरपूर पाणी हा येथे उपलब्ध होणारा सुरक्षित आहार होय.

उन्हाळा ही दुसरी अडचण. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते. १९६५ च्या नियमातील ३७ अंशांची मर्यादा या भागात केवळ कागदी राहू नये, असे वाटत असल्यास ती घोडेमालक, मंगल कार्यालयांचे चालक आणि वरपक्ष यांना माहीत असणे आवश्यक आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतांश काम गाईगुरांचे व शेळ्यांचे असते. घोड्याचा अवघड आजार असल्यास अकोला येथील पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था वा नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय यांचा सल्ला घेता येतो. दोन्ही संस्था महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संबंधित आहेत. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असावी, असे २००१ च्या नियमांत अभिप्रेत आहे. तिच्याकडे लेखी अर्ज करणे ही सुटकेची योग्य पहिली पायरी होय.

महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तालुक्यातील घोड्यांची साधी नोंद करता येते : घोडे किती, मालक कोण, वर्षातील किती महिने काम मिळते, चातुर्मासात चारा कोठून येतो, नालबंद किती अंतरावर आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व प्राणिशास्त्र या तिन्ही विभागांना त्यातून अभ्यासविषय मिळेल. चार महिन्यांची चाराटंचाई आधी कळली तर चाऱ्याची उसनवार किंवा सामूहिक साठा अशा उपायांनी घोडा मालकाच्याच दारी वाचू शकतो. ज्या घोड्यास सोडविण्याची वेळच येत नाही, त्याची सुटका सर्वांत यशस्वी म्हणावी लागेल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, चालीच्या घोड्याची उपेक्षा मुख्यतः त्याचे मोल एका गुणावर ठरविण्यातून व मालकाच्या हंगामी मिळकतीतून निर्माण होते. म्हणून केवळ शिक्षेने ती थांबत नाही. दुसरा, सुटकेपूर्वी कायदेशीर ताबा, रोगतपासणी व दीर्घकालीन खर्च यांची तजवीज झाली पाहिजे. तिसरा, उपाशी घोड्याच्या आहारात घाई करणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. चौथा, नव्या घराची कसोटी घोडा बरा झाल्यावर लागते, कारण त्याची चाल परतताच बाजारही परततो. घोडा सोडविणाऱ्याने बावीस क्विंटल चाऱ्याचा वार्षिक हिशेब दहा वर्षांसाठी मांडावा आणि मगच त्याच्या दोरीला हात घालावा.